शेवटचा नळ: सामायिक गरम पाण्याच्या चाचणीचा इतिहास



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस आज गरम पाण्याच्या पाइपांवर बोलणार म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींना गंमत वाटली असेल. वाटू द्या. हा विषय मी निवडलेला नाही. माझ्या एका सहीमुळे तो माझ्या मागे लागला, म्हणून त्या सहीपासूनच सुरुवात करतो.

निवृत्तीनंतर आम्ही बीडमध्ये एका चार मजली इमारतीत राहायला गेलो. सोळा घरं. गच्चीवर सोलरची पॅनेलं, दोन हजार लिटरची गरम पाण्याची टाकी आणि तिथून सगळ्या घरांना पाइप. सोसायटीचा सचिव मी, कारण रिकामा माणूस मीच. मे महिन्यात काम पूर्ण झालं. दुपारी साडेबारा वाजता आम्ही चौथ्या मजल्यावरच्या एका न्हाणीघरात जमलो. नळ सोडला, मी हात धरला, चटका बसला. सगळे हसले. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. मग एक कागद पुढे आला, ‘काम तपासले, समाधानकारक आहे’ असं लिहिलेला. मी सही केली.

जानेवारीत तळमजल्यावरच्या एक आजी आजारी पडल्या म्हणून भेटायला गेलो. बोलता बोलता त्यांची सून म्हणाली, ‘सर, आत्याबाई गारच पाण्यानं अंघोळ करतात. गरम यायच्या आधी सव्वा बादली गार येतं. ते ओतून देणं त्यांच्या जिवावर येतं, टँकरचं पाणी ना. मग तेच अंगावर घेतात.’ मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाली, थंडी सुरू झाल्यापासून. मी आजींना म्हटलं, अहो, मला सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, ‘त्यात काय सांगायचं? वरच्यांना मिळतंय ना?’

मित्रहो, आजचं व्याख्यान या ‘वरच्यांना मिळतंय ना’वर आहे. एखादी सामायिक व्यवस्था ‘चालू झाली’ असं आपण कधी म्हणायचं? कुणाच्या न्हाणीघरात उभं राहून म्हणायचं? आणि ते म्हणण्याचा अधिकार कशातून येतो? या प्रश्नांना इतिहास आहे, आणि तो आपल्या घरातूनच सुरू होतो.

माझं लहानपण अंबाजोगाईतल्या एका वाड्यात गेलं. तिथे तांब्याचा बंब होता. ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मधोमध एक नळकांडं, त्यात लाकडं, तुरीच्या तुराट्या, कणसाची बुरकुंडं जळायची. भोवती पाणी. आमच्या बंबाला वर गार पाणी ओतायचं नरसाळं होतं. ओतलेलं गार पाणी तळाशी जायचं आणि वरचं तापलेलं पाणी तोटीतून बाहेर यायचं. म्हणजे जेवढं गार घालाल तेवढंच गरम मिळेल. जो गरम घेईल त्याने पुढच्यासाठी गार घालायचं, हा नियम त्या यंत्राच्या घडणीतच होता.

पण यंत्र न्यायी असलं म्हणून घर न्यायी होतं असं नाही. अंघोळीचा क्रम ठरलेला. आधी आजोबा, मग वडील-काका, मग शाळेत जाणारी आम्ही मुलं, आणि शेवटी घरातल्या बायका. त्यातही धाकटी सून सगळ्यांत शेवटी. तोवर जाळ विझलेला, पाणी कोमट. ‘गरम पाणी आहे का?’ या प्रश्नाला घरातला प्रत्येक पुरुष ‘हो, आहे की’ असं उत्तर देई, आणि ते खोटं नव्हतं. त्याच्यापुरतं खरं होतं.

हीच अडचण फार जुनी आहे. पहिल्या शतकाच्या आधीचा रोमन वास्तुकार विट्रुव्हियस स्नानगृहांबद्दल लिहिताना भट्टीवर तीन कढया बसवायला सांगतो: एक गरम, एक कोमट, एक गार. गरम कढईतलं पाणी वापरलं गेलं की तेवढंच कोमट पाणी तिच्यात यावं, आणि कोमट कढईत तेवढंच गार. थोडक्यात, शेवटच्या माणसाची अंघोळ होईपर्यंत गरम कढई एकदम गार पडू नये याची तजवीज. पुढे मध्य आणि पश्चिम आशियातून हमाम दख्खनमध्ये आले. दौलताबादेत हमाम आहे. मुमताजमहल 1631 साली जिथे वारली त्या बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातला हमाम तर प्रसिद्धच आहे. भट्टी, भिंतीतून खेळवलेलं पाणी, गार-कोमट-गरम अशी दालनं. पण हमामात वापरणारे थोडे आणि राबणारे पुष्कळ. पाणी गार निघालं तर ते सांगायला बादशहाला अर्ज करावा लागत नसे.

चाचणीचा खरा प्रश्न निर्माण होतो तो देणारा आणि घेणारा एकमेकांना दिसत नाहीत तेव्हा. याचा धडा आपल्याला गरम पाण्याने नाही, शेतीच्या पाण्याने दिला. बीडजवळची खजाना विहीर तुम्ही पाहिली असेल. मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने बांधलेली. तिच्यातलं पाणी भुयारातून, केवळ उताराच्या जोरावर, शेतांकडे जातं. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, नहर आणली. तिथल्या पाणीवाटांवर जागोजागी उंच मनोरे दिसतात. पाइपात अडकलेली हवा बाहेर पडावी हा त्यांचा एक उपयोग. पुण्याच्या कात्रजच्या पेशवेकालीन नळयोजनेत अशा मनोऱ्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. किती नेमका शब्द! पाण्याला वाहायचं तर वाटेत श्वास सोडायला जागा पाहिजे. आजच्या गरम पाण्याच्या पाइपालाही माथ्यावर हवा सोडणारा व्हॉल्व्ह लागतो, कारण पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते आणि वळणावर अडकून बसते. मग सगळं जागच्या जागी असतं, फक्त पाणी पुढे सरकत नाही.

आणि कालवा. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ‘टेल’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. धरणातून पाणी सुटल्याची बातमी पेपरात येते, मुख्य कालव्याजवळ फोटो निघतात, आणि टेलचा शेतकरी चारीकडे बघत बसतो. पाणी सुटलं हे खरं. पाणी पोचलं हे खरं की नाही, ते फक्त टेलला कळतं. माझ्या सोसायटीत मी मे महिन्याच्या दुपारी चौथ्या मजल्यावर उभा होतो, म्हणजे धरणाच्या दारात. आजी टेलला होत्या.

आता उष्णतेकडे येतो. वाफेच्या बाबतीत माणसाने चाचणी शिकली ती माणसं मेल्यावर. 1863 साली कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसं मेली, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. इतर प्रांतांनी आपापले कायदे केले, ते सगळे एकत्र करून 1923 चा भारतीय बॉयलर कायदा आला. 2025 मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. या परंपरेतली एक गोष्ट मला फार आवडते. बॉयलरची दाबचाचणी वाफेने करत नाहीत, गार पाण्याने करतात. बॉयलर गच्च पाण्याने भरायचा आणि नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा. का? पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे त्यात ताकद साठून राहत नाही. कुठे जोड सुटलाच तर पाणी गळेल, दाब लगेच उतरेल, माणूस वाचेल. वाफेने चाचणी केली आणि जोड सुटला, तर चाचणीच अपघात होईल. इमारतीतल्या पाइपांनाही हेच लागू. भिंत गिलाव्याने झाकण्याआधी दीडपट दाब देऊन, काही तास काट्यावर नजर ठेवून बसायचं. फरशी बसल्यानंतर केलेली चाचणी म्हणजे लग्नानंतर पाहिलेली पत्रिका.

आपल्या जिल्ह्यात बॉयलर हा घरोघरी माहीत असलेला शब्द आहे. दसऱ्याच्या सुमाराला साखर कारखान्यांत ‘बॉयलर अग्निप्रदीपन’ होतं. पूजा होते, पाहुणे येतात, भाषणं होतात. पण लक्षात घ्या, अग्निप्रदीपन झालं म्हणजे कारखाना चालू झाला असं कारखान्यातला कुणीही मानत नाही. बॉयलरला निरीक्षकाचा दाखला लागतो, आणि तो दरवर्षी नवा घ्यावा लागतो. नवा कारखाना असेल तर त्याच्या पहिल्या हंगामाला काय म्हणतात? ‘चाचणी गळीत हंगाम’. अख्खा हंगाम चाचणीचा! मोळी टाकली, चक्र फिरलं, पहिलं पोतं बाहेर पडलं, एवढ्यावर कुणी खूश होत नाही. दाब टिकतो का, मिल अडखळते का, ऊस भरभरून आल्यावर काय होतं, हे हंगामभर पाहतात. कमिशनिंग म्हणजे काय हे मराठीत सांगायला मला याहून चांगला शब्द सापडलेला नाही. ऊसतोडीचा जिल्हा म्हणून आपल्याला ओळखतात, त्या जिल्ह्याच्या भाषेत हा शब्द आधीच होता. कारखान्याला आपण चाचणी हंगाम दिला आणि घराला दिला फक्त नारळ.

घराघरांना एका ठिकाणाहून उष्णता पुरवण्याची कल्पना धंदा म्हणून प्रथम उभी राहिली ती अमेरिकेत. 1877 साली न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्ट गावात बर्डसिल हॉली यांनी एका बॉयलरची वाफ जमिनीखालच्या पाइपांतून शेजारच्या घरांना आणि दुकानांना दिली. डेन्मार्कमध्ये फ्रेडरिक्सबर्गला 1903 पासून कचरा जाळून ती उष्णता इमारतींना पुरवली गेली. लंडनमध्ये 1950 साली बॅटरसी वीजकेंद्राची वाया जाणारी उष्णता थेम्स नदीखालून पलीकडे पिमलिकोच्या चाळवजा इमारतींत नेली. परळीचं औष्णिक केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. अशा केंद्रात जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेतली ढोबळमानाने एक तृतीयांश विजेत जाते, बाकीची शीतमनोऱ्यातून आणि धुराड्यातून आकाशात. आपल्याकडे घरं तापवायची गरज नाही, त्यामुळे पिमलिकोचा प्रयोग परळीत करा असं मी म्हणणार नाही. 2013 च्या दुष्काळात तर ते केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. आपला प्रश्न उष्णतेचा नाही. ऊन फुकट आहे. आपला प्रश्न ती उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्याचा आहे, आणि म्हणूनच आपल्याकडे वाईट चाचणीची किंमत बादलीत मोजावी लागते.

हिशेब सोपा आहे. शंभर लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला साधारण साडेतीन युनिट वीज लागते. सूर्य हे काम फुकट करतो. पण पंचवीस मिलिमीटर आतल्या व्यासाच्या एका मीटर पाइपात सुमारे अर्धा लिटर पाणी मावतं. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत वळणं धरून पस्तीस-चाळीस मीटर पाइप झाला, तर त्यात सतरा ते वीस लिटर पाणी रात्रभर उभं राहून गार होतं. आजींची सव्वा बादली ती हीच. उपाय जगभर ठाऊक आहे: परतीचा पाइप. शेवटच्या नळापासून पाणी परत टाकीकडे न्यायचं, छोट्या पंपाने पहाटे फिरवायचं, पाइपांना उष्णतारोधक वेष्टण घालायचं, आणि प्रत्येक उभ्या पाइपावरचा व्हॉल्व्ह असा लावायचा की जवळची ओळ सगळं पाणी ओढून घेणार नाही. या शेवटच्या कामाला प्रवाहाचा तोल साधणं म्हणतात. तो नकाशावर साधत नाही. नळापाशी जाऊन, तापमापक धरून, पुन्हा वर येऊन, व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवून, पुन्हा खाली जाऊन साधावा लागतो. कंटाळवाणं काम आहे. म्हणूनच ते वगळलं जातं.

यात जिवाचाही प्रश्न आहे. 1976 साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं संमेलन झालं आणि त्यानंतर अनेकांना विचित्र न्यूमोनिया झाला. तीसच्या आसपास माणसं दगावली. पुढच्या वर्षी त्याचा जिवाणू सापडला, त्याला लेजिओनेला नाव पडलं. त्या प्रकरणात संशय हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेवर होता. पण पुढे कळलं की कोमट, साचलेलं पाणी या जिवाणूला फार मानवतं, मग ते गरम पाण्याच्या पाइपातलं का असेना. म्हणून टाकीत साठ अंश आणि नळाशी पन्नास असा दंडक आला. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, म्हणून नळाशी गार पाणी मिसळण्याची सोयही हवी. ब्रिटनमधल्या आरोग्य-सुरक्षा मार्गदर्शनात टाकीला सर्वांत जवळचा आणि सर्वांत लांबचा नळ दर महिन्याला तपासायला सांगितलं आहे. नळ सोडल्यापासून एका मिनिटात पन्नास अंश यायला हवेत. या नळांना ते चक्क ‘पहारेकरी’ म्हणतात. आमच्या आजी पहारेकरी नळापाशी राहत होत्या, हे आम्हाला माहीत नव्हतं.

आता आपला कायदा. बॉयलर कायद्यात 2007 साली झालेल्या दुरुस्तीपासून, शंभर अंशांच्या खाली पाणी तापवणारी साधनं त्याच्या कक्षेबाहेर आहेत. ते योग्यच आहे, आपली टाकी काही फुटून गाव उडवणार नाही. पण त्याचा अर्थ असा, की गच्चीवरच्या टाकीकडे निरीक्षक येत नाही. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत सौर गरम पाण्याची व्यवस्था काही प्रकारच्या नव्या इमारतींना बंधनकारक आहे. म्हणजे पॅनेल हवं हे कायदा सांगतो. 2016 चा रेरा कायदा सांगतो, की ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा सेवांत दोष दिसला तर विकासकाने तो तीस दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा. चांगलं कलम आहे. पण दोष ‘दिसला’ पाहिजे. तो दिसायचा कसा?

इथे माझा जुना विषय मला आठवला. ज्ञान खरं आहे हे कशावरून ठरतं, यावर आपल्याकडे शेकडो वर्षं वाद झाला. नैयायिक म्हणतात, ज्ञान स्वतःची ग्वाही स्वतः देत नाही. समोर पाणी दिसलं, पुढे गेलात, प्यायलात, तहान भागली, तर ते ज्ञान प्रमाण. मृगजळ असेल तर तहान भागणार नाही. कृती यशस्वी झाली का, ही कसोटी. मीमांसक म्हणतात, ज्ञान मुळात प्रमाणच असतं, त्याला बाध येईपर्यंत ते खरं मानावं. माझ्या लक्षात आलं, की महाराष्ट्रातला प्रत्येक सोसायटी सचिव मीमांसक आहे. ‘तक्रार आली नाही, म्हणजे सगळं ठीक आहे.’

पण मीमांसकांवर अन्याय नको. त्यांच्यातल्या भाट्ट पंथाने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळतं. मात्र त्यांनी एक अट घातली. अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. वस्तू असती तर ती नक्की दिसली असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचं न दिसणं हा पुरावा. अंधारात घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता मला सांगा, माझ्या सोसायटीत तक्रारीची अनुपलब्धी योग्य होती का? तक्रार असती तर ती माझ्यापर्यंत आली असती का? ज्या बाईने सून म्हणून पन्नास वर्षं बंबातलं शेवटचं कोमट पाणी घेतलं, तिला गार पाणी ही तक्रार वाटेलच कशी? तिच्या लेखी ती रीत होती. मी तिच्या गप्प बसण्याला पुरावा मानलं. माझी सही अंधारात केलेली होती. दोष कंत्राटदाराचा होताच, त्याने परतीचा पाइप टाकला नव्हता. पण ‘समाधानकारक’ हा शब्द मी लिहून दिला होता, आणि कुणाचं समाधान हे मी विचारलं नव्हतं.

मग आम्ही काय केलं ते थोडक्यात. परतीचा पाइप टाकला, पहाटे दीड तास चालणारा लहान पंप बसवला, वेष्टण घातलं. बोअरचं पाणी जड, तापलं की त्यातला चुना पाइपात बसतो, म्हणून दर सहा महिन्यांनी आतली पाहणी ठरवली. आणि चाचणीचा दिवस बदलला. मे महिन्याची दुपार नाही. आमच्या चाचणीचा दिवस नरक चतुर्दशी. त्या पहाटे सोळाच्या सोळा घरांत सूर्य उगवण्याआधी अभ्यंगस्नान असतं. सगळे नळ एकदम सुटतात आणि टाकीला आधार फक्त कालच्या उन्हाचा. व्यवस्थेची याहून कठीण परीक्षा मला सुचत नाही, आणि ती आपल्या पंचांगात आधीच छापलेली आहे. त्यानंतर संक्रांतीच्या थंडीत दुसरी. दोन्ही वेळा तापमापक आणि घड्याळ घेऊन सचिवाने तळमजल्यावर जायचं, आकडे वहीत लिहायचे आणि सही त्या घरातल्या माणसाने करायची, सचिवाने नाही. एक अख्खं वर्ष असं केल्यावर आम्ही म्हटलं, चाचणी हंगाम संपला.

पहिल्या नरक चतुर्दशीला पहाटे पाच वाजता मी आजींच्या दारात उभा होतो. तांब्याभर गार पाणी गेलं आणि वाफ दिसली. मी वही पुढे केली. आजींना सही करता येत नव्हती. त्यांनी अंगठा उठवला आणि म्हणाल्या, ‘सर, तुम्ही पारोसेच आलात की. जा, आधी अंघोळ करून घ्या.’

त्या इमारतीत सगळ्यात शेवटी मीच अंघोळ केली त्या दिवशी. पाणी गरम होतं.

आता प्रश्न असतील तर घेऊ या.